गावची कला आणि गावची नगरपरिषद

कला जगावी, कलावंताला मान मिळावा, असे म्हणणारांची वाण कोठेच नसते. सभेत तसे बोलले की टाळ्या पडतात आणि सभा संपली की बोलणाराचे कर्तव्यही संपते. यासाठी कलेची थोरवी पुन्हा गाण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारात घेणे अधिक हिताचे आहे. गावाच्या वतीने, गावाच्या पैशाने, कोणी तरी कलेसाठी नेमके काय करावयाचे? तालुक्याच्या गावी हे काम नगरपरिषदेकडे येते. ते तिने कसे करावे याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

नांदेड-नागपूर रस्त्यावरील हदगाव हे असेच तालुक्याचे गाव होय. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि पलीकडच्या काठाला विदर्भ सुरू होतो. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात कलेचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. माहूरच्या रेणुकेचे नाव घेऊन संबळावर गोंधळ घालणारे गोंधळी येथे आहेत, खंडोबाचे वाघ्या-मुरळी आहेत, प्रत्येक आळीत भजनी मंडळ आहे. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी रंगते आणि श्रावणात मुली तीजेची गाणी म्हणतात. हलगी आणि डफ वाजविणारे हात आहेत, शाळांची स्नेहसंमेलने आहेत, नाटकाची हौस असलेली तरुण मंडळी आहेत. मात्र यांतील पुष्कळसे धन केवळ कंठात आणि बोटांत साठविलेले आहे. एखादा म्हातारा गोंधळी निवर्तला आणि त्याच्यामागे शिष्य उरला नाही, तर त्याची पदे कोणत्याही कपाटात सापडावयाची नाहीत. या बाबतीत दिरंगाई झाली तर ती मागाहून भरून काढता येत नाही.

पूर्वी हे काम राजे लोक करीत. राजाश्रयाचा गुण कोणता आणि दोष कोणता, हे मराठी रंगभूमीच्या जन्मकथेतच पाहावयास मिळते. इ. स. १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. पोशाख, सोंगे, नटांचा निर्वाह या सर्वांमागे संस्थानचे पाठबळ होते. पुढे १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय सुटला. भाव्यांना आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले आणि १८५३ साली मुंबईस तिकीट लावून खेळ करावे लागले. त्यातून धंदेवाईक रंगभूमी उभी राहिली, हे महाराष्ट्राचे भाग्य. परंतु प्रत्येक कलावंताच्या अंगी भाव्यांची धडाडी नसते. एका माणसाच्या मर्जीवर उभी असलेली कला त्या माणसाबरोबर आडवी होण्याचा धोका नेहमीच असतो.

याच्या उलट उदाहरणे दोन आहेत. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. ती दरबारी गवयांची बैठक नव्हती. नेमलेले शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम आणि शिकावयास येणारी सामान्यांची मुले अशी ती रीतसर संस्था होती. सयाजीराव १९३९ साली गेले, परंतु त्या शाळेची परंपरा बडोद्याच्या विद्यापीठात आजही चालू आहे. दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. शाहू महाराजांच्या वेळी १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. संस्थान विलीन झाले तरी नाट्यगृह राहिले. ते नगराच्या मालकीचे झाले आणि महानगरपालिकेकडे त्याची व्यवस्था आली. तात्पर्य हे की, देणाऱ्याची उदारता जेव्हा नियमाचे आणि संस्थेचे रूप घेते, तेव्हाच ती देणाऱ्याच्या पश्चात टिकते.

मराठवाड्याला तर या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. निजामी अमदानीत सार्वजनिक सभा भरवावयाची तर सरकारची परवानगी लागे. चार माणसांनी एकत्र बसून आपल्या भाषेत काही ऐकावे, ही गोष्टही निर्वेध नव्हती. अशा काळात वाचनालये, गणेशोत्सव आणि त्यांतील मेळे यांनीच लोकांची भाषा आणि लोकांचे मन जागे ठेवले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. ज्या प्रांतात एकत्र जमण्याची जागा इतकी दुर्मिळ होती, त्या प्रांतातील नगरसंस्थेने तरी जमण्याची जागा ही क्षुल्लक बाब समजू नये.

कायद्यानेही हा विषय नगरसंस्थेच्या कक्षेत आणून ठेवला आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालचा असून त्यात शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य यांसाठी विषय समितीची तरतूद आहे. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नगरसंस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी तीत आहे आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा त्यांपैकी एक विषय आहे. तेव्हा हे आपले कामच नव्हे, असे म्हणावयास नगरपरिषदेला जागा उरलेली नाही.

यावर आक्षेप येतो तो पैशाचा. नळाला पाणी पुरत नाही, गटारे तुंबली आहेत, दिवे लागत नाहीत, आणि तबला-पेटीचे काय घेऊन बसलात? आधी पोटोबा, मग विठोबा. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. लहान नगरपरिषदेचे उत्पन्न बेताचे असते आणि पाणी, आरोग्य, दिवाबत्ती ही तिची पहिली कर्तव्ये आहेत. परंतु या आक्षेपाच्या मुळाशी एक समजूत आहे, ती मात्र तपासून घेतली पाहिजे. कलेला साह्य करणे म्हणजे मोठे बंदिस्त नाट्यगृह बांधणे, ही ती समजूत होय.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झाले. ठाण्याचे गडकरी रंगायतन तर १९८२ साली तेथे महानगरपालिका होण्यापूर्वी, नगरपालिकेच्याच काळात उभे राहिले. या संस्थांना शोभेल असेच ते कार्य आहे. पण पुण्याठाण्यास नाटक मंडळ्यांचा राबता बारमाही असतो. तालुक्याच्या गावी तशी इमारत बांधली, तर वर्षातून दहा-बारा कार्यक्रमांसाठी बारा महिने वीज, रंग, छप्पर आणि पहारेकरी यांचा खर्च सोसावा लागतो. नव्याचे नऊ दिवस सरले की दारे-खिडक्या निखळू लागतात. शिवाय इमारत जितकी मोठी, तितकी तिची जबाबदारीही मोठी. कोल्हापूरचे तेच नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मोठ्या नगरात जी वास्तू सुमारे ११० वर्षे उभी होती, तिची ही गत एका रात्रीत झाली. हे पाहता लहान नगराने न पेलणारे ओझे डोक्यावर घेण्यापूर्वी विचार करावा.

इमारतीवाचून कला चालत नाही, हेही खरे नव्हे. विदर्भाच्या पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडईचे आणि शंकरपटाचे दिवस आले की गावोगाव शेतात मांडव पडतो आणि रात्रभर नाटक चालते. वडसा येथे या नाटक मंडळ्यांचे ठाणेच आहे. तेथील प्रेक्षकाला गादीच्या खुर्चीची वाण भासत नाही. त्याला जागा ठाऊक असते, दिवस ठाऊक असतो आणि नाटक खात्रीने होणार हे ठाऊक असते. या तीन खात्रींवर ही रंगभूमी जगते. हदगावसारख्या नगरपरिषदेने यातून बोध घ्यावा, तो असा की, जागा, तारीख आणि हिशेब या तीन गोष्टी तिने सांभाळल्या तर बाकीचे पुष्कळसे काम कलावंत आणि रसिक मिळून करतील.

पहिली गोष्ट जागेची. एक सपाट मैदान, त्यात पक्का ओटा, ओट्यामागे कपडे बदलण्यासाठी दोन खोल्या, त्यांतील एक स्त्रियांसाठी राखीव, पिण्याचे पाणी, शौचकूप, दिवे आणि विजेची धोका नसलेली जोडणी, एवढे असले म्हणजे पुष्कळ झाले. यांत स्त्रियांची खोली आणि शौचकूप या गोष्टी लहान वाटतात, पण मुलींना गाण्यानाचण्यास पाठवावयाचे की नाही, हे घरातील वडीलधारी माणसे पुष्कळदा याच गोष्टी पाहून ठरवितात. पावसाळ्यासाठी नगरपरिषदेच्या शाळेचे सभागृह सुट्टीच्या संध्याकाळी द्यावे. भजनी मंडळाला किंवा हौशी नटांना तालमीसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेचा एक वर्ग मोकळा मिळाला, तर त्याची किंमत नगरपरिषदेला एका दिव्याच्या विजेहून फारशी जास्त पडावयाची नाही. महाराष्ट्र शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेचे नांदेड हे एक केंद्र असते. तालुक्याच्या गावातील मंडळींना तेथपर्यंत पोहोचावयाचे, तर आधी तालमीला छप्पर पाहिजे.

जागा द्यावयाची ती नियमाने द्यावी. भाडे अल्प असावे, ते सर्वांना सारखे असावे आणि कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेले असावे. ज्याचा अर्ज आधी, त्याला जागा आधी. अर्जदार कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न जागा देताना निघताच कामा नये. ज्या दिवशी एका मंडळाला जागा फुकट आणि दुसऱ्याला नकार मिळतो, त्या दिवसापासून ते मैदान गावाचे राहत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. नांदेड जिल्ह्यातच लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेची व्यवस्था जिल्हा परिषद पाहते. जनावरांचा बाजार आणि कुस्त्या यांच्या जोडीने तेथे लावणी महोत्सवही होतो. लोकनियुक्त संस्थेने लोककलेला व्यासपीठ द्यावे, याचे हे घरचेच उदाहरण आहे. या यात्रेचे बळ तिच्या निश्चित दिवसांत आहे. कलावंत, व्यापारी, शेतकरी सर्वजण त्या दिवसांचा हिशेब महिनोन् महिने आधी करून ठेवतात. नगरपरिषदेने अशाच धर्तीवर वर्षातून काही संध्याकाळी ठरवाव्यात. सोयाबीन घरात आले, कापसाची वेचणी उरकत आली आणि थंडी पडली की शेतकऱ्याला सवड असते. त्या दिवसांत, म्हणजे पौष-माघात, दर पंधरवड्याला एक संध्याकाळ नेमावी. एकदा गोंधळ, एकदा शाहिरी, एकदा भजनी मंडळांची बैठक, एकदा शाळकरी मुलांचे नाटक, एकदा कविसंमेलन किंवा मुशायरा. या भागात मराठीप्रमाणे उर्दूही घरोघर बोलली जाते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. एकदा ठरलेली तारीख पाहुणा येणार नाही म्हणून पुढे ढकलू नये. सभेला अध्यक्ष नसला तर चालते, पण गोंधळ्यावाचून गोंधळ होत नाही.

येथे एक पथ्य पाळावयास हवे. जी कला ज्या ठिकाणी शोभते, ती तेथून उपटून आणू नये. तांड्यावरची तीज ही तेथील मुलींच्या व्रताचा भाग आहे. पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी तिला ओट्यावर आणून उभे करणे हा तिचा सन्मान नव्हे. तांड्यातील मंडळींना स्वतःहून यावेसे वाटले तर अगत्याने बोलवावे, नाही तर त्यांच्या सणाच्या दिवशी तांड्यापर्यंतचा रस्ता नीट असावा आणि तेथे दिवे लागावेत, एवढे पाहिले तरी तेथील कलेची सेवा घडते.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित राहते. कलावंताला बोलवावयाचे, नारळ आणि शाल द्यावयाची, आणि मानधनासाठी त्याने कार्यालयाचे उंबरे झिजवावयाचे, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसतो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला सहा महिन्यांनी मिळालेले मानधन म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून रक्कम थोडी असली तरी ती आधी लिहून ठरवावी आणि कार्यक्रमाच्या रात्रीच, किंवा फार तर त्या आठवड्यात, कलावंताच्या हाती वा त्याच्या खात्यात पडावी. अंदाजपत्रकात या कामासाठी निराळी रक्कम दाखवावी आणि वर्षाअखेर ती कोणाला किती दिली, याची यादी फळ्यावर लावावी. लपविलेल्या हिशेबातून संशय वाढतो आणि संशयाने पुढच्या वर्षीची तरतूद बुडते.

हिशेबाबरोबर एक नोंदवहीही ठेवावी. कलावंताचे नाव, गाव, कला, वाद्य, तो कोणाजवळ शिकला, त्याच्याजवळ कोण शिकत आहे आणि त्याने कोणत्या दिवशी कार्यक्रम केला, एवढे तीत लिहावे. या वहीचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाही. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना राज्य शासन मानधन देते. २०२४ सालापासून ते दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. त्यासाठी वयाबरोबर दीर्घकाळ कलेची सेवा केल्याचा पुरावाही द्यावा लागतो. जन्मभर दारोदार गोंधळ घालणाऱ्याने हा पुरावा आणावयाचा कोठून? त्याची हस्तपत्रके छापली गेली नाहीत, वर्तमानपत्रात त्याचे नाव आले नाही. नगरपरिषदेच्या वहीत दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी असतील आणि प्रत्येक मानधनाची पावती असेल, तर म्हातारपणी त्याच कागदाच्या आधाराने त्याला आपला हक्क सांगता येईल. कारकुनाच्या हातची एक ओळ येथे शालीहून अधिक ऊब देते.

नोंदवहीला जोड द्यावी ती ध्वनिमुद्रणाची. पूर्वी हे काम खर्चाचे होते. आता खेडोपाडी लोकांच्या खिशात मोबाईल आहे. ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला आणि अनुदानित सार्वजनिक वाचनालये तालुक्याच्या गावी असतात. अशा वाचनालयाने नगरपरिषदेच्या साह्याने आसपासच्या वृद्ध कलावंतांची पदे त्यांच्या संमतीने मुद्रित करून, नावनिशीवार जपून ठेवावीत. ज्याचे पद त्याचे नाव, आणि त्या मुद्रणाचा कोणी पैशासाठी उपयोग केला तर त्यात त्याचा वाटा, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.

आता दुसरा आक्षेप. नगरपरिषदेत पक्ष असतात, तट असतात. तिच्या हाती कला गेली तर कलेचेही तट पडतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच नगरपरिषदेने कलेची पारख करण्याच्या भानगडीत पडू नये. कोणाचा आवाज चांगला आणि कोणाचे नाटक श्रेष्ठ, हे ठरविण्यासाठी लोक तिला निवडून देत नाहीत. संध्याकाळी वाटून देण्यासाठी वाचनालयाचा एक माणूस, शाळांमधील एक शिक्षक, कलावंतांचे दोन प्रतिनिधी आणि त्यांत निदान एक स्त्री अशी लहान समिती असावी. दर दोन वर्षांनी तिच्यातील निम्मी माणसे बदलावीत. व्यासपीठावरील भाषणांनाही मर्यादा असावी. सत्काराला दीड तास आणि कलेला अर्धा तास, अशा सभेला 'रात्र थोडी सोंगे फार' असेच म्हणावे लागेल.

हे सर्व नियम ठरावाने लिहून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. अलीकडे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात. माणसे अशी येतात आणि जातात. एखादा अध्यक्ष रसिक निघतो, त्याच्या मागून येणाऱ्याला गाण्याची आवड नसते. सांगलीच्या आश्रयाचे जे झाले, तेच लोकशाहीतही होऊ शकते. त्यावर उतारा एकच. उपकार म्हणून जे केले जाते, ते वहिवाट म्हणून आणि ठराव म्हणून झाले पाहिजे.

शेवटी नगरपरिषदेच्या शक्तीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती गायक निर्माण करू शकत नाही. संबळाची काठी बापाच्या हातून मुलाच्या हाती, गुरूच्या हातून शिष्याच्या हाती जाते. ती घडी घरात आणि अंगणात यावयाची असते. नगरपरिषदेने फक्त ती घडी येण्याच्या आड येणाऱ्या अडचणी दूर कराव्यात. आपल्या शाळेतील मुलांना वर्षातून चार वेळा त्या ओट्यासमोर नेऊन बसवावे. शंभर मुलांनी ऐकले तर दोघांना ते वाद्य हाती घ्यावेसे वाटेल, आणि परंपरेला दोघे पुरेसे असतात.

तेव्हा या कार्याचे यश मोजावयाचे कसे? महोत्सवाला किती हजार माणसे लोटली, यावरून ते मोजू नये. गेल्या वर्षी आलेला गोंधळी यंदा पुन्हा आला काय, त्याचे मानधन वेळेवर पोहोचले काय, आणि त्याच्या पाठीमागे टाळ धरून उभा असलेला मुलगा या वर्षी एखादे पद स्वतः म्हणू लागला काय, एवढे नगरपरिषदेने दर वर्षी आपल्या वहीत पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर गावाने आपले काम केले असे समजावयास हरकत नाही.